डांबराचे बारा पट्टे

चिंचवडला मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला जहीरची पत्र्याची शेड होती आणि शेडच्या दारात त्याची जीप उभी असायची. जीप म्हणायची ती आपली जहीरचं मन राखायला. देहूरोडच्या लष्करी लिलावात ती निघाली तेव्हा तिला तीनच चाकं होती आणि बॉनेटखाली चिमण्यांनी संसार थाटला होता. जहीरने वर्षभर खपून तिला माणसात आणलं. पुढचा बंपर एका ट्रकचा, दोन दिवे दोन जातींचे, आणि हॉर्नऐवजी जहीरचा स्वतःचा गळा. पण चढ दिसला की ती बकरीसारखी चढत सुटायची, आणि जहीरला तेवढं पुरेसं होतं.

माणूस कामाला वाघ, पण रविवार आला की त्याच्या अंगात यायचं. शेडला कुलूप ठोकून तो चाकणच्या पुढे निघायचा, आणि खडी संपून नुसती बैलगाडीची चाकोरी उरली की तिथून त्याचा खरा रविवार सुरू व्हायचा. चाकोरी संपली की ओढ्याचं पात्र, ते संपलं की गुरांची वाट. कुठल्या उतारावर चाक घसरतं, कुठल्या कातळावरून चढता येतं, कुठल्या झाडीआड पाणी आहे, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. कागदावर काही नाही. शेजारपाजारचे हसायचे. जग रस्ता सापडावा म्हणून मरतं आणि हा रस्ता सुटावा म्हणून पेट्रोल जाळतो, असं म्हणायचे. जहीरही हसायचा. कुठलीही गोष्ट हसण्यावारी नेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

छप्पन सालच्या दिवाळीनंतर त्याच्याकडे लक्ष्मणराव आले. पिंपरीला तेव्हा जिथे ज्वारी डुलायची तिथे भोंगे वाजायला लागले होते, आणि लक्ष्मणराव अशाच एका कारखान्यात बॉयलरवर इंजिनियर होते. पन्नाशीचे, एका गुडघ्याने अधू, बोलायला कमी. घरी आलं, जेवलं, आडवं झालं तरी डोक्यात बॉयलर चालूच असतो, असं त्यांनी सांगितलं.

"मला एक जागा दाखव," ते म्हणाले. "जिथे भोंगा नाही, रेल्वे नाही, माणसाचा आवाज नाही. तंबू माझा, डबा माझा. तू फक्त न्यायचं आणि गप्प बसायचं."

गप्प बसायचं म्हणजे जहीरला शिक्षाच. पण त्याने हो म्हटलं. मग दोन-तीन महिने तो साहेबांना घेऊन डोंगर पालथे घालत राहिला. घोराडेश्वराच्या मागच्या अंगाला तंबू ठोकला तर पहाटे रेल्वेची शिट्टी. भामचंद्राच्या डोंगरावर गेले तर गुराख्यांचं तोंड बंद होईना. लक्ष्मणराव मुकाट्याने तंबू गुंडाळायचे, आणि त्यांचं ते काही न बोलणंच जहीरला फार लागायचं. एवढ्या वाटा माहीत असून आपल्याला एक जागा सापडू नये, म्हणजे इज्जतीचा सवाल झाला.

शेवटी त्याने मामूला विचारलं. मामू म्हणजे चांदभाई. चाकणच्या बाजारपेठेत त्यांचं हिरड्याचं दुकान होतं. डोंगरातल्या वाड्यांतली माणसं रानातला हिरडा गोळा करून आणायची आणि चांदभाईंच्या तराजूला घालायची. त्यांच्या वडिलांपासूनचा हा रिवाज.

"भैरूला विचार," चांदभाई म्हणाले. "भामा नदीच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी आहे, कोळ्यांची. माणूस सोन्यासारखा आहे. पण तो सांगेल तेवढंच कर हां जहीर. जास्तीचं डोकं चालवू नकोस."

भैरू जहीरच्याच वयाचा, तिशीचा. अंगाने काटक, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी जीपमध्ये बसला आणि वळणावळणावर असा काही हसत राहिला की जहीरला वाटलं, हा आपला जन्माचा दोस्त. वाडीच्या अलीकडे जीप उभी करून तो दोघांना पायी वर घेऊन गेला. वाटेत एक जुनी, गर्द राई लागली. ऐन, जांभूळ, बेहडा, एकेक झाड दोन माणसांच्या कवेत न मावणारं. आत दिवसाही सावळा उजेड.

"ही वाघजाईची राई," भैरू म्हणाला. "हितून जायाचं न्हाई. आपुन कड्याच्या अंगानं वळसा घालून जाऊ."

"का? वाघ आहे का आत?" जहीरने आपलं हसून विचारलं.

"वाघ न्हाई. देवी हाय. हितं वहाण चालत न्हाई, कुऱ्हाड चालत न्हाई. पडल्यालं लाकूडसुदिक उचलायचं न्हाई. वर्सातनं येकदा चैतात जत्रंला समदी वाडी येती, तीबी पल्याडनं, अनवानी. बाकी दिस फकस्त आमच्या घरचा मानूस सांजच्याला दिवाबत्तीपुरता जातो. आज्यापंज्यापास्नं दिव्याचा मान आमचा हाय."

हे सांगताना तो थोडा ताठ झाला. वाडीत जमीन सगळ्यांची सारखीच, म्हणजे नसल्यासारखीच. भैरूच्या घराला दुसऱ्यांपेक्षा जास्तीचं असं जे काही होतं ते हा दिवा.

वळसा तासाभराचा निघाला. पण वळशाच्या शेवटी जे होतं ते पाहून जहीरसुद्धा गप्प झाला. कड्याच्या पोटात एक सपाटी, मागे काळा कातळ, कातळातून झिरपणारं करंगळीएवढं पाणी आणि पुढे दरी. वारासुद्धा दबकून यायचा. लक्ष्मणराव एका दगडावर बसले ते तास दीड तास बसूनच राहिले. उठले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. "बंद पडला," ते म्हणाले. कोण बंद पडला ते जहीरला लगेच कळलं.

दुसऱ्या खेपेला त्याच वळशावर साहेबांचा गुडघा धरला. अर्धी वाट त्यांना खांद्यावर आधार देऊन न्यावं लागलं, तंबू आणि भांडी तिथेच टाकून. परतताना लक्ष्मणराव म्हणाले, "जहीर, तिथपर्यंत गाडी गेली असती तर फार बरं झालं असतं. कंपनीच्या गाड्यांचं काम बाहेर द्यायचं घाटतंय. तुझं नाव मी घालणारच आहे." दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे असं त्यांनी म्हटलं नाही. ते सज्जन होते. पण ऐकणाऱ्याने संबंध जोडला.

पुढच्या रविवारी जहीर एकटाच आला. वाडी डोंगराच्या धारेच्या अलीकडे आणि राई पलीकडे, त्यामुळे पलीकडच्या ओढ्यातून जीप चढवली तर वाडीला पत्ताही लागत नव्हता. राईच्या उत्तरेच्या कडेला झाडं जरा विरळ होती, आणि दिवाबत्तीची पायवाट दुसऱ्या टोकाने असल्याने इकडे कुणी फिरकत नसे. दोन बुंध्यांमधून जीप जाईल न जाईल अशी जागा, दोन्ही अंगांना चार-चार बोटं. जहीरने इंजिन बंद केलं आणि बराच वेळ तसाच बसला. भैरूने सांगितलेलं सगळं त्याला आठवत होतं. मग त्याने काय करावं? पायातल्या चपला काढल्या, सीटखाली ठेवल्या, आणि अनवाणी पायाने ॲक्सिलरेटर दाबला. देवीचा मान राखला असं त्याला खरंच वाटलं. माणूस स्वतःला किती स्वस्तात पटवतो!

दहा मिनिटांत तो सपाटीवर होता.

तेव्हापासून लक्ष्मणराव जीपमधून थेट झऱ्यापाशी उतरू लागले. वाटेत चाकण सोडलं की भैरू कधी कधी भेटायचा, चांदभाईंच्या दुकानाकडे निघालेला. एकदा त्याने विचारलं, "गाडी कुटं लावता रं आता?"

"खालीच. करवंदीच्या जाळीपाशी," जहीर म्हणाला. तोंडातून निघून गेलं. एकदा गेलं म्हटल्यावर पुढच्या वेळी तेच सांगणं सोपं झालं.

सत्तावन्नच्या दसऱ्यानंतर ते पहाटे निघाले आणि राईत शिरले तो इतकं धुकं, की जीपचं नाक दिसेना. एक चाक घळीवर लटकलं. लक्ष्मणरावांचा चेहरा पांढराफटक पडला. ते निभावलं, पण जहीरने ठरवलं की आता खुणा पाहिजेत. चुना मारावा तर वळवाची एक सरसुद्धा पुसून टाकते. शेडमध्ये पत्रा गळू नये म्हणून आणलेलं डांबर होतं. त्याने डबा घेतला, चार बोटांचा ब्रश घेतला आणि राईतल्या बारा झाडांवर छातीच्या उंचीला एकेक काळा पट्टा ओढला. पट्टे डाव्या हाताला ठेवायचे की गाडी बिनघोर. काम झाल्यावर त्याने मागे वळून पाहिलं आणि समाधानाने हात पुसले.

इथवर कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. निदान जहीरचं तसं म्हणणं होतं.

मार्गशीर्षात वाडीच्या वरचा अख्खा उतार खेडला राहणाऱ्या जमीनमालकाने कोळशाच्या ठेकेदाराला विकला. झाडं तोडायची, तिथेच भट्ट्या लावायच्या, कोळसा खाली न्यायचा. ठेकेदाराचा मुकादम सोपानराव वाडीत आला. वाडीचे कारभारी चिमाजीबाबा, पण बाहेरच्या माणसाशी बोलायला त्यांनी भैरूला पुढे केलं. मुंबई-पुण्याच्या माणसांत त्याची ऊठबस आहे, त्याचे जीपवाले दोस्त आहेत, असं वाडीचं मत. भैरूने सगळ्यांदेखत ठराव केला: ज्या झाडाला डांबराचा पट्टा असेल ते ठेकेदाराचं, नसेल त्याला हात लावायचा नाही. आणि राईच्या एकाही झाडाला पट्टा लागणार नाही. सोपानरावाने शब्द दिला, आणि तो पाळलाही. उतारावर पट्टे मारले आणि कामगारांना बजावून दुसऱ्या कामावर निघून गेला.

कामगार चाळीस-पन्नास, सगळे कोकणातले, या डोंगराला नवखे. त्यांना राई काय आणि रान काय. उतार तोडत ते धार ओलांडून राईच्या उत्तरेच्या कडेला आले, तिथे आणखी पट्टे दिसले, तसेच काळे, तसेच चार बोटांचे, तितक्याच उंचीचे. त्या दिवशी वाडीतली सगळी माणसं नदीकाठच्या गावात लग्नाला गेली होती. सांजेला भैरू दिवा लावायला गेला तेव्हा राईतून आभाळ दिसत होतं.

जहीरला हे पौषातल्या एका शनिवारी चाकणच्या बाजारात कळलं. चांदभाई पोती शिवत होते. मान वर न करता ते म्हणाले, "भैरूचं वाईट झालं रे."

"काय झालं?"

"राई तोडली. अकरा झाडं गेली. पट्टे होते म्हणतात डांबराचे. भैरूनंच ठेकेदाराकडून खाल्लं आणि पट्टे मारू दिले असं वाडी म्हणते. मंगळवारी देवीपुढे कौल लावणार आहेत. कौल डावा गेला तर दिव्याचा मान जाणार, वर वाळीत. त्याची बारा वर्षांची पोरगी उजवायची आहे यंदा." सुई हवेत धरून चांदभाईंनी वर पाहिलं. "मला नाही पटत. भैरू असं करायचा नाही. तुला काय वाटतं?"

जहीरने चहाची बशी खाली ठेवली. "नाही करणार," तो म्हणाला, आणि उठला. आपण बारा पट्टे ओढले होते, गेली अकरा, म्हणजे एक राहिलं. एवढाच हिशेब त्याच्या डोक्यात चिंचवड येईपर्यंत फिरत राहिला.

रविवारी तो लक्ष्मणरावांकडे गेला. साहेबही त्याच पट्ट्यांच्या खुणेने तर जात होते, दोघांनी मिळून जावं, मोठ्या माणसाच्या बोलण्याला वजन असतं, असं त्याला वाटलं. लक्ष्मणरावांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"गाडी देवराईतून जाते हे मला माहीत होतं," ते हळूच म्हणाले. "तू बोलला नाहीस, मी विचारलं नाही. आपण दोघेही सारखेच." मग म्हणाले, "पण जाऊन काय होणार? झाडं उभी राहणार आहेत का? एक तर तू दुसऱ्या धर्माचा. उद्या ह्याचं काहीचं काही झालं तर तुझ्या एकट्यावर राहणार नाही ते, तुझ्या मामूच्या दुकानापर्यंत जाईल. थोडे दिवस गप्प राहा. लोक विसरतात."

"आणि भैरू?"

"बघू. काही मदत करता आली तर करू." त्यांनी गुडघा चोळला. "तसल्या जागा आणखीही असतील रे डोंगरात."

ते वाईट मनाने बोलले नाहीत. पण जहीरला एकदम त्यांची, स्वतःची, त्या जीपची, सगळ्याचीच शिसारी आली. मामूच्या दुकानाची भीती मात्र खरी होती, आणि मंगळवारी सकाळी वाडीकडे निघाल्यावरही ती गेली नाही. एकदा त्याने जीप मोशीच्या पुढून परतसुद्धा वळवली. मग पुन्हा फिरवली.

वाडीत कुणीच नव्हतं. सगळे राईकडे गेलेले. भैरूच्या दारात त्याची बायको दुर्गाबाई पोरीला पोटाशी धरून बसली होती. जहीरला पाहताच तिचा चेहरा उजळला, आणि ते पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आलात भाऊ? बरं झालं आलात," ती म्हणाली. "त्यांना लई आधार व्हईल."

"वहिनी, मला थोडं बोलायचंय..."

"काल बैठक झाली. कुनी म्हनलं, ह्यांनीच डांबर मारू दिलं. कुनी म्हनलं, त्याच्या जीपवाल्या दोस्ताचंच काम आसंल, चाकाच्या खुना हाईत राईत. तवा हे उठलं. मला काय म्हनायचं ते म्हना, म्हनलं, पर माज्या दोस्ताचं नाव घिऊ नका. आन् बेलभंडारा उचलला."

"काय?"

"व्हय. बेलभंडारा उचलला आन् आन घेतली. जहीरभाईची गाडी राईत कवाच गेली न्हाई, गेली आसंल तर ह्या लेकराच्या डोईवर..." तिने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढचं बोलली नाही. "म्या म्हनलं, दुसऱ्यासाटी कशापायी? तर म्हनलं, त्यो खोटं बोलायचा न्हाई. खाली जाळीपाशी लावतो म्हनून सांगितलंय मला."

येताना जहीरला वाटलं होतं की दोनच गोष्टी आहेत: बोललं तर आपण बुडतो, गप्प राहिलं तर भैरू. आता बोललं तरी भैरूच बुडत होता. देवीपुढे खोटी आण, तीही दिव्याचा मान असलेल्या माणसाची. गप्प राहिलं तर चोरीचा ठपका, बोललं तर खोट्या आणेचा. पोरगी त्याच्याकडे टकमक बघत होती. त्याने तिच्याकडे पाहायचं टाळलं आणि राईच्या वाटेला लागला.

राईच्या कडेला पन्नास-साठ माणसं बसली होती, वहाणा दूर काढून. मध्ये अकरा बुंधे, ताजे, लालसर. मोकळ्या जागेतून ऊन थेट देवीच्या दगडावर पडलं होतं. या दगडाने इतकं ऊन कधी पाहिलं नसेल. चिमाजीबाबा दगडाच्या दोन अंगांना भिजवलेले तांदळाचे दाणे चिकटवत होते. उजवा दाणा आधी पडला तर भैरू सुटला, डावा पडला तर गेला. भैरू समोर हात जोडून उभा होता. त्याने जहीरला पाहिलं आणि मानेनेच म्हटलं, ये.

"बाबा, थांबा," जहीर म्हणाला. तो पुढे झाला. "थांबा. कौल लावू नका. पट्टे मी मारले."

मग सगळं त्याने सांगून टाकलं: साहेबांचा गुडघा, कंपनीचं काम, ओढ्यातली वाट, धुकं, डांबराचा डबा. चपला काढल्याचंही सांगितलं. ते ऐकून एक म्हातारी विचित्र हसली आणि तो मधेच थांबला. भैरूकडे बघायची त्याला छाती झाली नाही.

चिमाजीबाबांनी मान हलवली. "दोस्तापायी अंगावर घ्यायला आलायस," ते म्हणाले. "मन मोठं हाय तुजं. पर आसं व्हत न्हाई बाबा. भैरूनं भंडारा उचललाय."

"मी खोटं नाही बोलत!"

"मंग काय भैरू बोलला?"

भैरूच्या चेहऱ्यावर किंचित आशा दिसली. तीच, दोस्त मदतीला धावून आला असं वाटणाऱ्या माणसाची. तिथेच थांबता आलं असतं. कुणाचाही विश्वास बसत नव्हता. तो आल्या वाटेने गेला असता तर उलट त्याचं नाव झालं असतं, आणि दाणा कदाचित उजवाच पडला असता. हा विचार त्याच्या मनात आला, आणि चांगला घटकाभर राहिला. मग त्याने डावा दाणा पाहिला. उजव्याआधी त्याच्याच कडेचं पाणी सुकायला लागलं होतं.

"मी बारा पट्टे मारले होते," तो म्हणाला. "अकरा झाडं गेली. बारावं दाखवतो."

त्याने चपला काढल्या आणि बुंध्यांमधून चालू लागला. दोन बुंध्यांमधली मोकळी जागा त्याला पाठ होती. इथे उजवीकडे, इथे जरा खाली, इथे कातळाला डावं घालून. लोक मागे आले. घळीच्या तोंडाशी एका मोठ्या दगडाच्या आड बेहड्याचं एक झाड वाकून उभं होतं. तोडणाऱ्यांच्या बाजूने त्यावर काहीच नव्हतं. जहीरने त्याला वळसा घातला, वेल बाजूला केली. मागच्या अंगाला काळा पट्टा होता, चार बोटांचा, आणि ओघळ सुकून खाली दोन थेंब.

भैरू पुढे आला. त्याने पट्ट्यावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, आणि तसाच परत फिरला.

दगडापाशी येऊन चिमाजीबाबांनी दोन्ही दाणे आपल्या हाताने पुसले. "आता कौल कशाला," ते म्हणाले. "भैरूनं काय खाल्लं न्हाई. त्यो ठपका गेला." वाडीत कुजबुज झाली. कुणी तरी सुटकेचा श्वास सोडला. "पर आन खोटी झाली," म्हातारा पुढे म्हणाला. "जानून न्हाई झाली, पर झाली. खोट्या आनंच्या हातानं देवीला दिवा न्हाई लावता यायचा. भैरू, उद्यापास्नं दिवा माज्या घरचा मानूस लावंल."

भैरूने मान खाली घालून ती हलवली. त्याने वाद घातला असता, रडला असता, अंगावर धावून आला असता तर जहीरला सोसवलं असतं.

"बाबा, गुन्हा माझा आहे," तो म्हणाला. "मला शिक्षा द्या. काय वाटेल ती द्या. मी मुसलमान म्हणून तुम्ही..."

"त्येचा काय संबंध?" चिमाजीबाबा चिडले. "तुजा मामू दर जत्रंला नारळ धाडतो, त्यो देवी घेतीच की. तसलं मधी आनू नगंस." मग ते जरा निवले. त्यांनी जहीरला वरपासून खालपर्यंत पाहिलं, रागाने नव्हे, परक्या गावच्या पाहुण्याकडे पाहतात तसं. "शिक्षा कशी देऊ तुला? शिक्षा आपल्या मानसाला आस्ती. तू आमचा कोन?"

लोक पांगले. जहीर एकटाच वाडीच्या अलीकडे लावलेल्या जीपपर्यंत उतरला. जीपच्या सीटवर बसला तरी त्याला चावी फिरवायचं सुधरेना. बऱ्याच वेळाने पाचोळ्यावर पावलं वाजली. भैरू होता.

"म्या येक सांगाया आलो," तो म्हणाला. जीपला हात न लावता, चार पावलं लांबच उभा राहिला. "फाल्गुनात हिरडा घिऊन बाजाराला येनार. चांदभाईलाच घालनार, त्येंनी काय केलं न्हाई. पर तू दुकानात आसलास तर म्या भाईर थांबन. तू गेलास मंजी आत येईन."

"भैरू, आण पोरीच्या डोक्यावर का घेतलीस रे? मला विचारायचं तरी..."

"इचारलं व्हतं की," भैरू म्हणाला. "तू जाळीपाशी म्हनालास."

आणि तो वर चढून गेला.

रागाच्या भरात बोलला असेल, दोन महिन्यांत निवळेल, असं जहीरने धरलं. फाल्गुनातल्या पहिल्या शनिवारी तो मुद्दाम चांदभाईंच्या दुकानात जाऊन बसला. दोन चहा झाले, तीन झाले. ऊन माथ्यावर आलं तेव्हा त्याचं लक्ष रस्त्यापलीकडे गेलं. भिंतीच्या सावलीत दुर्गाबाई बसली होती आणि तिच्याशेजारी भैरू उभा होता. हिरड्याचं पोतं डोक्यावर, तसंच, खाली न ठेवलेलं. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याच्या मानेच्या शिरा इथून दिसत होत्या.

जहीर उठला, पोत्यांमधून वाट काढत मागच्या दाराने बाहेर पडला आणि गल्लीत जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने आतून तराजूचा आवाज आला.